बागेतील केळी, घरातील पक्वान्न : गोड भरली केळी

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर व मुदखेड हा भाग केळीच्या बागाईतीसाठी सर्वश्रुत आहे. पैनगंगेवरील ईसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी, त्याला विहिरींची जोड आणि काळी कसदार जमीन यांच्या आधारावर येथील शेतकऱ्यांनी हे पीक नावारूपास आणले. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या व २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा कृषि विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्रही नांदेड येथेच आहे. लागवड, खते, ठिबक सिंचन, घडांची निगा या विषयांवर केळी बागाईतदाराला पुष्कळ माहिती मिळते व ती तो उपयोगातही आणतो.

परंतु ज्या घरच्या बागेत शेकडो घड लटकत असतात, त्या घराच्या ताटात केळे किती वेळा येते, हे पाहिले तर चित्र निराळे दिसते. सत्यनारायणाचा प्रसाद, श्रावणातील उपवास, एखाद्या पाहुण्यासाठी केलेले शिकरण एवढ्यावर बहुधा केळ्याचा उपयोग संपतो. घड बागेतून थेट मालमोटारीत चढतो. व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या फण्या गोठ्याकडे किंवा उकिरड्याकडे जातात, आणि त्याच घरातील मुले दुकानातील बिस्किटांच्या पुड्यासाठी पैसे मागतात. जे अन्न आपण पाणी, खत व घाम खर्चून पिकविले, ते टाकावयाचे आणि त्याहून हलके अन्न विकत आणावयाचे, हा व्यवहार कोणत्याही जाणत्या कुटुंबाला परवडणारा नाही. बागेतील या केळ्यांचे घरच्या चुलीवर होणारे गोड पक्वान्न, म्हणजे भरली केळी, कसे करावे याची माहिती येथे दिली आहे.

नाकारलेली केळी खरोखर टाकाऊ असतात काय?

व्यापारी केळी नाकारतो तेव्हा तो बहुतेक वेळा त्यांच्या खाण्यायोग्यतेचा विचार करीत नसतो. दूरच्या बाजारपेठेस पाठवावयाच्या मालात सर्व केळी एकसारख्या लांबीची, एकसारख्या जाडीची व डाग नसलेली असावीत, ही त्याची गरज असते. घडाच्या शेंड्याकडील फण्या आखूड भरतात. पानाच्या घासण्याने काही केळ्यांच्या सालीवर ओरखडे उठतात. कापणीच्या वेळी फणीतून काही केळी सुटी होतात. या सर्वांचा आतील गर उत्तम फळासारखाच असतो.

दुसरा प्रसंग वादळाचा. एप्रिल ते जून या काळातील सोसाट्याच्या वाऱ्याने आणि गारपिटीने घडासह झाडे मोडून पडतात. अशा वेळी घडाची अवस्था नीट पाहावी. केळी तीन चतुर्थांशापर्यंत भरून त्यांच्या कडा बोथट होऊ लागल्या असतील तर ती पिकतात व पक्वान्नास चालतात. कडा धारदार व केळी कोवळी असतील तर ती पिकण्याच्या नादी न लागता कच्चीच भाजीसाठी वापरावीत; कारण कोवळे केळे पिवळे झाले तरी त्याला गोडी येत नाही.

तिसरा प्रसंग बाजार बंद पडण्याचा. २०२० च्या मार्च महिन्याअखेर देशभर टाळेबंदी सुरू झाली, वाहतूक विस्कळीत झाली, आणि केळी हे किती नाशवंत फळ आहे याचा कडू अनुभव देशातील केळी उत्पादकांना आला. ज्वारी कणगीत थांबते, कापूस घरात थांबतो. केळे थांबत नाही. म्हणूनच ते वेळेवर खाण्याची कला घराघरांत असणे आवश्यक आहे.

केळे शिजवून खाण्याची चाल

“केळे शिजविले म्हणजे पांचट होते” असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज अति पिकलेले केळे शिजविल्यामुळे झालेला आहे. योग्य अवस्थेतील केळे तुपावर मंद आचेने शिजविले असता त्याची गोडी वाढते, गर लुसलुशीत होतो आणि त्याला एक प्रकारचा खरपूस स्वाद येतो.

ही चाल नवी नव्हे. कोकणात ओले खोबरे, साखर व वेलदोडा यांचे सारण भरून केळी तुपावर शिजवितात. गुजरातेत बेसन व मसाल्याचे आंबटगोड सारण भरण्याची पद्धत आहे. केरळातील मलबार भागात मुस्लिम कुटुंबांतून रमजानच्या दिवसांत ‘उन्नक्काय’ नावाचा पदार्थ करतात. त्यात उकडून कुस्करलेल्या केळ्याची पारी करून आत खोबरे व साखर भरतात व ती तळतात. सावरीच्या बोंडासारखा आकार असल्यामुळे त्याला ते नाव पडले.

या दोन्ही किनारी प्रदेशांत शिजविण्यासाठी वापरली जाणारी केळी मात्र आपल्याकडील केळ्यांहून वेगळी आहेत. कोकणातील राजेळी व केरळातील नेंद्रन ही घट्ट गराची केळी होत. वसईकडील प्रसिद्ध सुकेळी राजेळीपासूनच करतात. शिजविल्यावरही ही केळी आपला आकार सोडीत नाहीत. नांदेड भागातील अर्धापुरी, बसराई, श्रीमंती किंवा ग्रँड नैन ही केळी मऊ गराची आहेत. त्यामुळे कोकणातील कृती जशीच्या तशी उचलल्यास केळ्याचा लगदा होतो आणि गृहिणीची निराशा होते. आपल्या केळ्याला आपली रीत लावली पाहिजे. सारणाचे सामानही घरचेच असावे. मराठवाड्यात ओला नारळ विकत घ्यावा लागतो. परंतु शेंगदाणे, तीळ, गूळ, सुके खोबरे व हरभऱ्याची डाळ कोणत्या घरात नसते? जी गृहिणी शेंगांची पोळी व पुरणपोळी करते, तिच्या हाताला सारण करणे निराळे शिकवावे लागत नाही.

केळे कोणत्या अवस्थेत घ्यावे?

या पक्वान्नाचे निम्मे यश केळ्याच्या निवडीत आहे. कच्च्या केळ्यात पिष्ट पदार्थ मोठ्या प्रमाणात असतो. केळे पिकू लागले म्हणजे या पिष्टाची साखर होत जाते, त्याबरोबर गर मऊ पडतो व तुरटपणा कमी होतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यात पिष्टाचा अंश फार थोडा उरतो, म्हणून ते गोड लागते. पण त्याच कारणाने ते उष्णता लागताच ढासळते.

भरण्यासाठी घ्यावयाच्या केळ्याची साल सर्वत्र पिवळी, परंतु देठाशी व टोकाशी किंचित हिरवी असावी. बोटाने दाबले असता ते घट्ट लागावे. सर्वांगी पिवळे झालेले, पण ठिपके न पडलेले केळे सालीसकट शिजविण्यास चालते. तपकिरी ठिपके पडलेले केळे या कामी घेऊ नये; ते तसेच खावे, शिकरणात घालावे किंवा कणकेत कुस्करून त्याच्या गोड पुऱ्या कराव्यात. चार दिवसांत एकाच फणीतील केळी या तीनही अवस्थांतून जातात, हे ध्यानात ठेवून त्या त्या दिवशी त्या त्या प्रकारे त्यांचा उपयोग करावा.

घरच्यासाठी केळी पिकविणे

भरघोस वाढलेल्या एका घडावर साधारणपणे आठ ते दहा फण्या व शंभरावर केळी असतात. एवढी केळी एकाच वेळी पिकली तर कोणतेही कुटुंब ती संपवू शकत नाही. म्हणून घरासाठी ठेवलेल्या घडाच्या फण्या अलग कराव्यात. कापलेल्या जागेतून गळणारा चीक निथळू द्यावा, फण्या स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात आणि सावलीत हवेशीर जागी ठेवाव्यात. पिकविण्यासाठी एका वेळी एक किंवा दोन फण्याच टोपलीत गवताच्या किंवा पेंढ्याच्या थरात ठेवून वर गोणपाट झाकावे. त्यांत एखादे पिकलेले केळे ठेवल्यास पिकण्याची क्रिया लवकर सुरू होते. कारण पिकत्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि तोच शेजारच्या फळांना पिकवितो. याच कारणास्तव हिरव्या फण्या पिकत्या टोपलीपासून दूर ठेवाव्यात. उन्हाळ्यात केळी लवकर व थंडीत उशिरा पिकतात.

हिरवी केळी शीतपेटीत ठेवू नयेत. सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याला थंडीची इजा होते. साल काळवंडते व केळे नीट पिकत नाही.

कॅल्शियम कार्बाइडची पुडी टाकून केळी पिकविण्याचा मोह कोणीही धरू नये. बाजारात मिळणाऱ्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे विषारी अंश असू शकतात, आणि या पदार्थाने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. विक्रीसाठी पिकविणाऱ्यांना नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायूचा मार्ग खुला आहे. घरच्या टोपलीस तोही लागत नाही.

कृती पहिली : शेंगदाण्याचे सारण भरलेली केळी

सहा मध्यम केळ्यांसाठी पुढील सामान घ्यावे : भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचा कूट ५० ग्रॅम, किसलेले सुके खोबरे २० ग्रॅम, भाजून कुटलेले तीळ १५ ग्रॅम, किसलेला गूळ ३० ग्रॅम, तीन-चार वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ आणि दोन लहान चमचे तूप.

खोबरे मंद आचेवर किंचित तांबूस होईपर्यंत भाजावे. ते निवल्यावर शेंगदाण्याचा कूट, तीळ, वेलदोडा व मीठ त्यात मिसळावे. गूळ शेवटी घालून सारण हाताने चोळावे. मुठीत दाबले असता त्याचा मुटका व्हावा व बोटाने मोडताच ते सुटे व्हावे. फार कोरडे वाटल्यास अर्धा चमचा तूप घालावे. पाणी घालू नये.

केळी सालीसकट स्वच्छ धुऊन पुसावीत. साल न काढता प्रत्येक केळ्याच्या आतील वळणाच्या बाजूने, दोन्ही टोके बोटाच्या पेराएवढी सोडून, उभी चीर द्यावी. चीर गराच्या पाऊण जाडीपर्यंतच जावी. पलीकडची साल फाटता कामा नये. अंगठ्यांनी चीर हलकेच उघडून प्रत्येक केळ्यात सुमारे वीस ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे दाबून भरलेले, सारण घालावे. अधिक भरण्याच्या हव्यासाने केळे फुटते.

जाड बुडाच्या कढईत किंवा पातेल्यात तूप पसरून केळी चिरेची बाजू वर करून शेजारी शेजारी मांडावीत. वर ताट झाकून ताटात थोडे पाणी ठेवावे. त्यामुळे आत वाफ धरते व बूड करपत नाही. मंद आचेवर आठ ते दहा मिनिटांत साल तपकिरी होते, गर मऊ पडतो व सारणातील गूळ विरघळून गराशी एकजीव होतो. चुलीवर करावयाचे असल्यास जाळ मागे ओढून केवळ निखाऱ्यांवर शिजवावे. साल ताटातच सोडून केळे चमच्याने किंवा पोळीच्या घासाबरोबर खावे.

साल काढून शिजवावयाचे असल्यास केळे अधिक घट्ट घ्यावे, त्याचे आडवे दोन तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यास चीर देऊन सारण भरावे आणि तव्यावर तुपात सर्व बाजूंनी हलक्या हाताने परतावे. हा प्रकार दिसावयास सुरेख दिसतो, पण सवय नसलेल्या हाताने प्रथम सालीसकट करावयाची कृतीच करावी.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सारण भरल्यावर केळी तशीच ठेवू नयेत. गूळ गरातील पाणी ओढून घेतो, सारण पातळ होते व बाहेर गळून करपते. म्हणून भरावे आणि लगेच शिजवावे. दुसरी, लोखंडी विळीवर कापलेले व लोखंडी तव्यावर साल काढून शिजविलेले केळे काळसर पडते. ते खाण्यास अपायकारक नसते, पण पाहणाऱ्याचे मन घेत नाही. कल्हईचे, ॲल्युमिनियमचे किंवा स्टेनलेस पोलादाचे भांडे वापरल्यास रंग चांगला राहतो.

कृती दुसरी : पुरण भरलेली केळी

पोळ्याच्या किंवा इतर सणाच्या दिवशी पुरणपोळ्या करून पुष्कळ घरांत वाटीभर पुरण उरते. हरभऱ्याची डाळ व गूळ यांचे हे पुरण केळ्यात भरण्यास फार सोयीचे असते. कारण ते आधीच शिजलेले व आटलेले असल्याने गळत नाही. पुरण सैल असल्यास कढईत थोडे परतून घट्ट करावे. त्यात जायफळाची चिमूट व चमचाभर खसखस घालावी. केळे गोड व पुरणही गोड असल्यामुळे हे पक्वान्न अति गोड होण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी पुरणात त्याच्या पाव भागाइतके भाजलेल्या डाळ्याचे पीठ मिसळावे. पुढील कृती पहिल्याप्रमाणेच करावी. उरलेले पुरण दुसऱ्या दिवशी वापरावयाचे असल्यास ते रात्री थंड जागी झाकून ठेवावे आणि आंबूस वास आला असेल तर वापरू नये.

कृती तिसरी : उपवासाची भरली केळी

वादळात पडलेल्या किंवा कापणीत सुट्या झालेल्या, पूर्ण भरलेल्या पण हिरव्या केळ्यांसाठी ही कृती आहे. चार कच्ची केळी सालीसकट पंधरा ते वीस मिनिटे उकडावीत. साल सहज सुटू लागली म्हणजे ती काढून, केळी गरम असतानाच तुपाचा हात लावून गुठळी न राहील अशी मळावीत. गोळा चिकट वाटल्यास दोन चमचे राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठ घालावे. शेंगदाण्याचा कूट ४० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम, थोडे किसलेले खोबरे व वेलदोडा यांचे सारण करावे. केळ्याच्या गोळ्याच्या लिंबाएवढ्या पाऱ्या करून त्यांत सारण भरावे, तोंड नीट मिटावे, हलके चपटे करावे आणि तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी तांबूस भाजावे. कच्च्या केळ्यात साखर नसल्यामुळे गोडी सर्वस्वी सारणाची असते. मलबारी पदार्थाशी याचे नाते आहे, पण तळण्याऐवजी तव्यावर भाजल्याने तूप थोडक्यात भागते.

आहाराच्या दृष्टीने मोल

पिकलेल्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरातून सुमारे ११६ उष्मांक मिळतात, परंतु त्यात प्रथिने केवळ सव्वा ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे केळे भूक भागविते, काम करण्यास शक्ती देते, पण शरीराची वाढ व झीज भरून काढण्याचे काम एकट्या केळ्याने होत नाही. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे पाव भाग प्रथिने असतात, आणि तिळात प्रथिनांखेरीज कॅल्शियम विपुल असते. साधे केळे खाल्ल्यास मुलाला एक ग्रॅम प्रथिने मिळत असतील, तर पहिल्या कृतीप्रमाणे भरलेल्या एका केळ्यातून साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने व सुमारे दोनशे उष्मांक मिळतात. शाळेतून भुकेजून आलेल्या मुलासाठी, बाळंतिणीसाठी आणि दिवसभर बागेत राबणाऱ्या मजुरासाठी हे अन्न उपकारक आहे.

तथापि हे पक्वान्न आहे, रोजची भाजीभाकरी नव्हे. आठवड्यातून एक-दोन वेळा ते पुरेसे होय. मधुमेह असलेल्यांनी ते वैद्यकीय सल्ल्यावाचून खाऊ नये. लहान मुलांना देताना शेंगदाण्याचा कूट अगदी बारीक असावा. दाण्याचा तुकडा घशात अडकण्याचा धोका असतो. शिजविलेली केळी त्याच दिवशी संपवावीत, उन्हाळ्यात तर चार-सहा तासांतच खावीत.

लातूरच्या घरांसाठी थोडा वेगळा विचार

लातूर जिल्ह्याची परिस्थिती निराळी आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. ज्या भागात पाण्याची अशी ओढ सोसावी लागते तेथे वर्षभर पाणी मागणाऱ्या केळीचा विस्तार करा असे सांगणे योग्य होणार नाही. सोयाबीन, तूर व हरभरा ही या जिल्ह्याची मुख्य बळे आहेत, आणि केळी बहुतेक घरांत आठवडी बाजारातून डझनावारी येतात.

म्हणून लातूरच्या गृहिणीने हिशेब उलटा मांडावा. नांदेडच्या घरात केळी मुबलक व सारण मोजके असते. लातूरच्या घरात केळी मोजकी व डाळी घरच्या असतात. तिसऱ्या कृतीतील पारीचा प्रकार येथे सोयीचा पडतो; कारण एका केळ्यात दोन पाऱ्या होतात. उपवास नसेल तेव्हा सारणात शेंगदाण्याबरोबर भाजलेल्या डाळ्याचे पीठ समप्रमाणात घालावे. सोयाबीनचे पीठ घालण्याची इच्छा असल्यास दाणे पूर्ण भाजलेले असले पाहिजेत. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारा घटक असतो व तो उष्णतेनेच नष्ट होतो. शिवाय सारणात सोयाबीनचे प्रमाण एक पंचमांशाहून अधिक ठेवल्यास त्याचा उग्र वास जाणवतो.

वेळ अमावस्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, लातूर भागातील सारे कुटुंब शेतात जेवते. भज्जी, आंबील, उंडे व खीर यांचा मान त्या दिवशी आहेच. त्याला धक्का लावण्याचे कारण नाही. परंतु शेतातच पेटविलेल्या चुलीच्या निखाऱ्यांवर सालीसकट भरलेली केळी भाजून मुलांना देणे सोपे आहे, आणि सणाच्या गर्दीत नवा पदार्थ जितक्या सहज स्वीकारला जातो तितका एरवी जात नाही.

प्रात्यक्षिकासाठी सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय भाषणाने न मांडता प्रत्यक्ष करून दाखवावा. बचत गटाची बैठक किंवा अंगणवाडीतील मातांची सभा ही त्यासाठी योग्य ठिकाणे होत. पंचवीस जणींसाठी पंचवीस केळी व पहिल्या कृतीतील सामानाच्या चौपटीहून किंचित अधिक सामान पुरते. केळी गावातीलच व शक्यतो व्यापाऱ्याने नाकारलेल्या फण्यांतील घ्यावीत, म्हणजे अर्धा उपदेश न बोलताच होतो. प्रात्यक्षिकाच्या आधी चार दिवस टोपलीत फण्या ठेवून पिकण्याचा अंदाज घ्यावा. प्रत्यक्ष दिवशी एक केळे योग्य अवस्थेतील व एक अति पिकलेले अशी दोन्ही शेजारी शेजारी शिजवून दाखवावीत. दुसऱ्याचा लगदा झालेला पाहिला म्हणजे निवडीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

सभेत काही प्रश्न हमखास येतात. “ताई, एवढं तूप कुठून आणायचं?” असे एखादी विचारील. तिला सांगावे की सालीसकट शिजविताना दोन चमचे तूप सहा केळ्यांना पुरते. तेही नसल्यास भांड्याच्या बुडाशी दोन-तीन चमचे पाणी घालून केळी वाफवावीत, चव थोडी उणी होईल पण पोषण उणे होणार नाही. “औषध मारलेल्या केळ्यांची साल भांड्यात घालावी का?” हा प्रश्न तर योग्यच आहे. फवारणीनंतर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्यावाचून केळी घरीही खाऊ नयेत व विकूही नयेत. आणि त्यानंतरही साल चोळून धुतल्यावाचून वापरू नये. “आमच्या घरचे म्हणतात, केळीचे पैसे होतात, खाऊन कशाला संपवायची?” असे म्हणणारीही एखादी असते. तिला उत्तर देण्यापेक्षा तिच्या घरी मागील कापणीत किती फण्या उकिरड्यावर गेल्या ते तिलाच मोजावयास सांगावे.

या शेवटच्या प्रश्नात पुष्कळ अर्थ आहे. घड कोणता विकावयाचा, कोणता घरी ठेवावयाचा हे बहुधा पुरुष ठरवितात, आणि मुलांच्या ताटात काय पडते याची काळजी स्त्रिया वाहतात. हे दोन निर्णय एकमेकांना भेटत नाहीत म्हणून बागाईतदाराच्या घरीही मूल हडकुळे राहू शकते. कापणीच्या दिवशी एक चांगला घड घरासाठी अलग काढून ठेवावा, असा दंडक कुटुंबप्रमुखांनी घालून घेतला तर त्याचा खर्च नगण्य आणि लाभ मोठा आहे. प्रात्यक्षिकाला म्हणूनच पुरुषांनाही बोलवावे.

याने काय होईल व काय होणार नाही

भरल्या केळ्यांनी पडलेल्या भावाची भरपाई होईल, असे कोणी कोणास सांगू नये. मालमोटारभर केळ्यांचा प्रश्न घरच्या कढईत सुटत नाही. त्यासाठी शीतगृहे, पिकवण केंद्रे, वेळेवर वाहतूक व शेतकऱ्यांची एकजूट यांचीच आवश्यकता आहे. बचत गटाने हा पदार्थ बाजारात किंवा यात्रेत विकावयाचे ठरविल्यास प्रथम अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करावी, केवळ त्या दिवसापुरताच माल करावा आणि उरलेला दुसऱ्या दिवशी विकू नये. नाशवंत पदार्थाच्या धंद्यात एका दिवसाचा लोभ वर्षाचे नाव घालवितो.

परंतु जे घरात होऊ शकते ते थोडे नाही. घरासाठी ठेवलेल्या एका घडातून शंभर वेळा कोणा ना कोणा मुलाच्या हातात पोटभरीचा पदार्थ पडतो. शेंगदाणे व तीळ त्याच्याबरोबर पोटात जातात. टाकून दिले जाणारे अन्न अन्नच राहते. येत्या कापणीच्या वेळी प्रत्येक केळी बागाईतदाराने शेंड्याकडील फण्या उकिरड्याकडे जाऊ न देता घरी न्याव्यात, त्यांतील दोन फण्या टोपलीत पिकत घालाव्यात आणि देठाशी किंचित हिरवी अशी पिवळी केळी हाती येताच चुलीवर कढई चढवावी.